प्लास्टरमामा आणि छटाकचा डावा डोळा

दवाखान्यात डॉक्टर येतात, शिकतात, बदलून जातात. प्लास्टरमामा एकतीस वर्षं तळमजल्यावरच्या त्याच खोलीत आहेत. खोलीत एक लोखंडी टेबल, कोमट पाण्याची बादली, कापसाच्या गुंडाळ्या, प्लास्टर कापायची घरघरणारी करवत आणि या सगळ्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. मामा सकाळी केस काळेभोर करून कामावर येतात आणि दुपारी पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे पांढरे होऊन घरी जातात. रोजची ही मेहनत वाया जाते, हे त्यांना सांगायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.

मोठे डॉक्टर हाड बसवतात, एवढं मामांना मान्य आहे. पण बसवलेलं हाड जागेवर राहतं ते केवळ आपल्यामुळे, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यांचं वैद्यकशास्त्र तीन वाक्यांत संपतं. हलवू नका. झाकून ठेवा. विश्रांती द्या. हे शास्त्र ते फक्त माणसांना लावतात असंही नाही. घरातल्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय लटपटायला लागला तेव्हा मामांनी त्याला गुडघ्यापासून खाली प्लास्टर घातलं. सुताराला बोलवा असं लेक म्हणाली होती. मामा म्हणाले, "सुतार खिळे मारतो. मी बरं करतो." आज नऊ वर्षं झाली, टेबल प्लास्टरसकट उभं आहे. येणारा पाहुणा त्याला तब्येत विचारतो.

मामांच्या आयुष्यात एक सुवर्णक्षणही आहे. बावीस वर्षांपूर्वी एका नव्या डॉक्टरनं कागदावर 'उजवा पाय' असं लिहून पेशंट खाली पाठवला. मोडला होता डावा. मामांनी पट्टी भिजवायच्या आधी दोन्ही पायांना हात लावून पाहिला, डाव्याला पेशंट किंचाळला आणि मामांनी कागद परत पाठवला. त्या दिवशी डॉक्टर फक्त "बरं झालं मामा, वाचवलंत" म्हणाला होता. पाच वर्षांनी मामांच्या सांगण्यात त्यानं मामांचे हात हातात घेतले. दहा वर्षांनी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हल्ली तो सगळ्या विभागासमोर मामांच्या पायाशी बसतो. तेव्हापासून दवाखान्यातल्या कुठल्याही कागदावर डावं-उजवं लिहिलेलं दिसलं की मामा ते फक्त सूचना म्हणून वाचतात. निकाल स्वतः देतात.

अशा माणसाच्या घरात छटाक आली.

ती आली तेव्हा तिला यायला तीन महिने अवकाश होता. वजन नऊशे दहा ग्रॅम. काचेच्या पेटीतल्या नळ्यांमधून नात नेमकी कुठली ते शोधून काढल्यावर मामा म्हणाले, "मी मांडीपासून घालतो ते प्लास्टर हिच्या चौपट भरतं." बाहेर येऊन त्यांनी तिचं नाव छटाक ठेवलं. खरं नावही पुढे ठेवण्यात आलं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतंच कामाला आलं.

छटाक महिन्याची झाली तेव्हा डोळ्यांच्या विभागातल्या लेझरच्या मॅडमनी तिचे डोळे तपासले आणि लेकीला बाजूला बसवलं. पोर फार लवकर जन्मली, त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्ध्यावरच राहिल्या होत्या. आता त्या भलत्याच दिशेनं फुटत होत्या आणि अशाच वाढल्या तर पडदाच ओढून सोडवणार होत्या. दोन दिवसांत लेझर करायचं होतं. पडद्याची बाहेरची कड जाळायची, म्हणजे मधली बघायची जागा वाचते. जावई जहाजावर यंत्रं सांभाळतात, ते त्या वेळी कुठल्या समुद्रात होते ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. सही लेकीनं एकटीनं केली. मामा शेजारी उभे राहून एवढंच म्हणाले, "डोळा जाळून डोळा वाचवतात? आमच्याकडे निदान पाय मोडून पाय बसवत नाहीत." मॅडमनी त्यांना बाहेर पाठवलं.

दोन्ही डोळे वाचले. मामांच्या लेखी प्रकरण तिथं मिटलं. हाड जुळलं, प्लास्टर काढलं, पेशंट घरी. मॅडमनी मात्र सांगून ठेवलं होतं की अशा मुलांना पुढे मोठ्या नंबरचा चष्मा लागू शकतो, तिरळेपणा येऊ शकतो, एखादा डोळा मागे पडू शकतो, म्हणून तपासायला येत राहा. मामांनी हे सगळं मान डोलावत ऐकलं. 'प्लास्टर भिजवू नका' हे त्यांचे पेशंट जसं ऐकतात, अगदी तसंच.

दोन वर्षांची असताना छटाकला चष्मा लागला. डावी काच उजवीपेक्षा दुप्पट जाड. साडेपाचव्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या तपासणीच्या ताईनं तिला अंधाऱ्या खोलीत बसवून समोरच्या पाटीवरची चित्रं ओळखायला लावली. घर, गोल, चौकोन, सफरचंद. उजव्या डोळ्यानं तिनं ती भराभरा ओळखली. डावा डोळा, चष्मा लावूनही, वरच्या दोन ओळींत अडकला. बाकीच्यांना छत्तीस मीटरवरून दिसतं ते बघायला छटाकच्या डाव्या डोळ्याला सहा मीटरपर्यंत जावं लागत होतं. ताईनं कागदावर 'सहा-छत्तीस' लिहिलं.

"उजव्या डोळ्यावर रोज तीन तास पट्टी," ताई म्हणाली. "चष्मा वरून लावायचाच. आणि खंड पाडू नका. सात-आठ वर्षांपर्यंत हा डोळा शिकतो. मग शिकणं अवघड होत जातं."

लेक कापडाच्या कारखान्यात पॅकिंगला, घरी यायला साडेसहा. मामांची पाळी दुपारी दोनला सुटते. छटाक शाळेतून येते अडीचला. पट्टी कोण बांधणार हा प्रश्नच नव्हता. एकतीस वर्षं माणसं बांधणाऱ्याला सव्वा इंचाचा डोळा बांधायचा होता.

जिना उतरता उतरता मामांनी प्रकरणाचा अभ्यास केला. ताई वयानं लहान. मुलीच्या समोर बसलेली. समोरच्याचं डावं ते आपलं उजवं, इथं भले भले घसरतात. शिवाय कमजोर डोळा डावा. म्हणजे विश्रांती कोणाला हवी? डाव्याला! धडधाकट पाय सोडून मोडक्या पायावर उभं राहायला लावणारा माणूस मामांनी अजून पाहिला नव्हता. चूक उघड होती. पण पोरीच्या हातून चूक झाली तर ती चारचौघांत दाखवायची, एवढे मामा हलक्या मनाचे नव्हते. त्यांनी मोठ्या मनानं तिला माफ केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पट्टी डाव्या डोळ्यावर बांधायला सुरुवात केली.

आणि काय बांधली! विभागातून मिळालेल्या तयार पट्ट्या त्यांनी नाक मुरडून कपाटात टाकल्या. स्वतः कापूस पिंजला, चिमटीनं पातळ केला, कागदी चिकटपट्टी गोल कापली, कडा दुमडल्या. पापणीला वारा लागेल पण उजेड शिरणार नाही, असं काम. शेजारी वही. तारीख, बांधल्याची वेळ, सोडल्याची वेळ, सही. छटाकनं एकदाही कुरकुर केली नाही. पट्टी लावून ती चित्रं काढायची, जिने उतरायची, शेजारच्या मांजराच्या मागे पळायची.

"बघ," मामा लेकीला सांगायचे, "बाकीची पोरं पट्टी ओरबाडतात म्हणे. बांधणाऱ्याच्या हातात कसब पाहिजे."

लेक रोज, रविवारीही जादा पाळी करून, कारखान्यातून दमून यायची. तोवर पट्टी सुटलेली असायची, वही भरलेली असायची. तिनं बापाकडे कौतुकानं पाहिलं, ही तिची चूक. असं पाहणं तिनं पुढे बराच काळ बंद ठेवलं.

चार महिन्यांनी तिघं तिसऱ्या मजल्यावर गेली. मामांनी वही काखेत घेतली होती. ताईनं उजवा डोळा तपासला. उत्तम. डावा तपासला. मग पुन्हा तपासला. मग चष्म्याचा नंबर पाहिला, पडद्याची तपासणी मॅडमकडून करून आणली, तीही ठीक. ताई कपाळाला आठ्या घालून बसली.

"एक ओळ मागे गेलीय. पट्टी रोज बांधता ना?"

मामांनी वही उघडून टेबलावर ठेवली. एकशे एकोणीस दिवस. एक दिवस चुकलेला नाही.

"तीन तास?"

"दोन मिनिटं जास्तच."

"काढून टाकत नाही ती? रडत नाही?"

"माझी पट्टी निघत नाही, ताई. तिला कळतसुद्धा नाही."

ताई वहीकडे बघत राहिली. आजवर एकाही घरातून तिच्याकडे एवढी सुंदर वही आली नव्हती. त्यामुळेच तिला संशय आला असावा. "मामा, जरा बांधून दाखवता?"

मामांनी अस्तन्या वर केल्या. शिकायला आलेल्या दोन मुली कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांना त्यांनी जवळ बोलावलं. "बघून ठेवा. कापूस इथं पातळ. चिकटपट्टी भुवईला लागता कामा नये." आणि अत्यंत हळुवार हातानं त्यांनी नातीचा डावा डोळा झाकला.

सगळे मामांच्या हाताकडे बघत राहिले. मामांना वाटलं, कौतुकानं.

"बाबा," लेक म्हणाली, "तो डावा आहे."

"मग? दुखणाईत डावाच ना?"

"उजव्यावर सांगितलं होतं त्यांनी!"

"अगं, ताई समोर बसली होती, तिचं उजवं म्हणजे..." मामांनी ताईकडे समजुतीनं पाहिलं. "होतं असं. मी कुठं बोललो नाही."

ताई रागावली असती तर मामांना बरं वाटलं असतं. ती खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

"मामा, मांडीपासून प्लास्टर घातलेला पाय दीड महिन्यानं सोडला की कसा दिसतो?"

"काडीसारखा. लोक घाबरतात. मी सांगतो, वापरला नाही की वाळतोच, आता..." आणि मामा थांबले. वाक्य तोंडात अर्धं राहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"आता काय सांगता त्यांना?"

"चाला म्हणतो," मामा हळूच म्हणाले.

"हिचं हाडच मोडलेलं नाही. पडदा लेझरनं वाचलाय. पण उजव्या डोळ्याला चांगलं दिसतं, म्हणून मेंदू त्याचंच ऐकतो, डाव्याकडे बघतही नाही. चांगला डोळा झाकला की नाइलाजानं डाव्याचं ऐकावं लागतं. तुम्ही चार महिने डाव्याचंच तोंड बांधलंत."

छटाक मधे म्हणाली, "म्हणून मला आवडायची. ती पट्टी लावली की सगळं तसंच दिसायचं."

बाहेरच्या व्हरांड्यात लेकीनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मामांनीही चढवला असता आणि प्रकरण ओळखीच्या वाटेनं गेलं असतं.

"तिच्या डोळ्याला लेझर लावायचं म्हणाले तेव्हा नाही म्हणावंसं वाटत होतं, बाबा. तरी सही केली. कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि ते मला माहीत होतं. ती आता सहाची होईल. चार महिने कुठून आणायचे?"

मामांनी वही पाठीमागे धरली.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता पट्टी उजव्या डोळ्यावर बसली. तीच पट्टी, तेच कसब. छटाक दोन पावलं चालली, दाराच्या चौकटीवर आपटली आणि असा टाहो फोडला की शेजारचं मांजर आठवडाभर फिरकलं नाही. चार मिनिटांत, कधीही न निघणारी पट्टी जमिनीवर होती. मामांनी दुसरी लावली. ती काढून छटाकनं खिडकीबाहेर टाकली.

"आजोबा, मला दिसत नाही! तू वाईट आहेस!"

मोठमोठे पहिलवान प्लास्टर काढताना करवतीचा आवाज ऐकून रडतात, तेव्हा मामा त्यांना "लहान आहेस का?" म्हणून दटावतात. आता समोर खरोखरच लहान माणूस होतं आणि मामांना दटावता येईना. आपल्या नातीला डाव्या डोळ्यानं किती कमी दिसतं, हे त्यांना तिच्या कपाळावरच्या टेंगळावरून कळत होतं. चाळीस मिनिटांत त्यांनी हार मानली. हातानं सवयीनं वहीत 'तीन तास' लिहिलं. मग मामांनी ते पाहिलं, खोडलं आणि लिहिलं, 'चाळीस मिनिटं. त्यातली वीस रडण्यात.' अक्षर वाईट आलं होतं.

पुढचे बारा दिवस तसेच गेले. गोष्टी सांगून झाल्या, धाक दाखवून झाला, स्वतःच्या डोळ्यावर पट्टी बांधून शेजारी बसूनही झालं. तेव्हा मामाच चौकटीवर आपटले आणि छटाक पहिल्यांदा हसली. पण पट्टी तिनं काढलीच.

ताई म्हणाली होती, जवळून करायचं, आवडीचं काम द्या. रंगवणं, चित्रं. छटाकला कागदावर चित्रं काढायचा कंटाळा आला होता. तेराव्या दिवशी शाळेला सुट्टी होती, लेक कामावर, म्हणून मामांनी तिला प्लास्टरच्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं. टेबलावर एक ट्रकड्रायव्हर पडला होता. पायाला नुकतंच बांधलेलं, अजून गरम असलेलं प्लास्टर. एवढा मोठा, कोरा, पांढरा आणि पळून न जाणारा कागद छटाकनं आयुष्यात पाहिला नव्हता.

"यावर काढू?"

मामा नाही म्हणणार होते. प्लास्टरवर कोणी रेघ ओढलेली त्यांना खपत नसे. ते म्हणाले, "पट्टी बांधून."

छटाकनं स्वतः पट्टी आणली.

नाक प्लास्टरला टेकवून तिनं तासभर काहीतरी गिरवलं. ड्रायव्हरनं मान उचलून पाहिलं. "मामा, हे काय?"

"मांजर."

"मला भोपळा वाटला."

"तुझं हाड मोडलंय, चित्रातलं तुला काय कळतं? पडून राहा."

तेव्हापासून छटाक शाळेतून थेट प्लास्टरच्या खोलीत यायला लागली आणि मामा पाळी सुटल्यावरही तिथंच थांबायला लागले. दुपारी बांधलेल्या पेशंटना मामा तास-दीड तास टेबलावरून हलू देईनासे झाले. "ओलं आहे," असं सांगायचे. कोरडं ठणठणीत झालं तरी ओलंच. महिन्याभरात वॉर्डात एकही पाय, एकही हात बिनचित्राचा उरला नाही. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि एका वयस्कर मास्तरांच्या मांडीवरचा जांभळा प्राणी बघून थबकले.

"हे कोणी केलं?"

"तिसऱ्या मजल्यावरचा औषधोपचार आहे, सर," मामा गंभीरपणे म्हणाले. "आमच्या विभागात चालू आहे."

छटाकची तब्येत आता लोकांच्या पायांवर वाचता येत होती. पहिल्या महिन्यातल्या पायांवर नुसते भोपळे. दुसऱ्या महिन्यातल्या भोपळ्यांना कान आले. तिसऱ्या महिन्यात एका मनगटावर, अंगठ्याएवढ्या जागेत, उंदीर आला. त्याला मिशा होत्या. मामांनी एका बाजूच्या मोजल्या, तीन. दुसऱ्या बाजूच्या मोजल्या. तीन. मग ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत बसले. लेकीला त्यांनी काही सांगितलं नाही. वहीत मात्र लिहिलं, 'तीन तास दहा मिनिटं. उंदीर.'

पुढची तपासणी त्यानंतर महिन्यानं होती. मामांना खोलीत घेतलं नाही. छटाकच्या आधी आत गेलेल्या मुलाला ते भिंतीमागून 'चौकोन, चौकोन' असं सांगत होते म्हणून. ते व्हरांड्यात उभे राहिले. दारातून आवाज येत होता. "घर. गोल. सफरचंद." ताई खालची ओळ दाखवत असावी. "चौकोन. घर... गोल?" मग खूप वेळ काहीच नाही. मग, "हे नाही दिसत."

दार उघडून लेक एकटीच बाहेर आली. छटाकला ताईनं चष्मा तपासायला पलीकडच्या खोलीत नेलं होतं.

"तीन ओळी पुढे आलीय. सहा-अठरा."

"सगळ्यांसारखं सहा-सहा कधी?"

"बहुतेक नाही. ताई म्हणाल्या, या डोळ्याला एवढंच जमेल, फार तर अजून एक ओळ. चष्मा कायमचा. पडदा दरवर्षी बघायचा, मोठी झाली तरी. लेझर झालेले डोळे असेच सांभाळायचे असतात."

मामांनी मान हलवली. जुळलं की घरी, असं कुठं काही दिसत नव्हतं. "त्या चार महिन्यांत आणखी एखादी ओळ..."

"माहीत नाही, बाबा. विचारलं मी. त्यांनाही माहीत नाही." लेकीनं पुढची तारीख लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला. "पट्टी अजून सहा महिने. रोज. तुम्हीच बांधायची."

एवढ्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या दारातून छटाक आली. उजवा डोळा अजून झाकलेला, वरून चष्मा. मामा या टोकाला. मधे पंधरा पावलं आणि बाकावर बसलेली माणसं. ती जागीच उभी राहिली, डोकं थोडं तिरकं केलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आजोबा! तुझं बटण चुकलंय! एक वर, एक खाली!"

बाकावरची माणसं हसली. मामांनी खाली पाहिलं. खरंच, सकाळपासून शर्ट एक काज चुकवून लावलेला. त्यांचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

त्या दिवशी मामा तसेच खाली उतरले. क्ष-किरणाच्या खोलीपाशी उगाच थांबले, औषधांच्या खिडकीपाशी थांबले, बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांचीही चौकशी केली. शेवटी वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, "अहो मामा, बटणं कशी लावलीत?"

"चुकलंय, माहीत आहे मला," मामा म्हणाले आणि भिंतीला टेकून निवांत उभे राहिले. "पण ते किती लांबून आणि कुठल्या डोळ्यानं दिसलं, ते विचारा."